चष्मेवाल्यांचं ‘एवढंच एक’

सोमवार, १० मार्च. सकाळी माझ्या चष्म्याची दांडी निखळली; सेफ्टी पिन लावून पेपर वाचला. मोरीतला नळ गळतोय, नळवाला आला नाही. चष्मेवाल्यांचे फोन पाच. भाची तीन वाजता जेवली, तेही उभ्याने. पाचव्या फोननंतर तिने मोबाइल गादीवर आपटला. फुटला नाही.

मावशीच्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. फोन का आपटला, ते वहीत नाही.

भाचीला घरात सगळे ठिणगी म्हणत. वरणात मीठ जास्त पडलं तरी तिचा आवाज जिन्यापर्यंत जाई. पण गिऱ्हाईक समोर आलं, की ठिणगीची ओली काडी व्हायची. ‘‘हो काका. करते काका. बघू ना नंतर.’’ सहा वर्षं ती मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइट बनवत होती. काम चोख. प्रत्येक पान आधी मावशीच्या जुन्या फोनवर उघडून बघायची. मावशीला बटण सापडलं नाही, तर पान पुन्हा करायची. फक्त कामाचे पैसे सांगताना तिची जीभ टाळूला चिकटायची.

चष्मेवाले हे मावशीच्या यजमानांचे मित्र. नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्या दुकानात उभ्याउभ्या ठरलं होतं: आठ पानं आणि डोळे तपासायची वेळ घेण्याचा फॉर्म, एक ठरावीक रक्कम, अर्धी आधी, अर्धी काम संपल्यावर. कागद नाही, काही नाही. घरचंच तर काम!

पण घरचं काम संपतं कधी? ‘‘अगं, एवढंच एक,’’ म्हणून त्यांनी दोनशे चाळीस फ्रेमचे फोटो पाठवले, प्रत्येक फोटोतला फ्रेममागचा पसारा पुसून पांढरा करायला. एवढंच एक म्हणून जावयाच्या दुकानाची चार पानं झाली. एवढंच एक म्हणून ती तीन वेळा जाऊन त्यांच्या काउंटरवरच्या मुलीला सगळं शिकवून आली. उरलेली अर्धी रक्कम तशीच, कारण काम ‘संपलं’ नव्हतं. आणि सोमवारी पाचव्या फोनवर चष्मेवाले म्हणाले, ‘‘गिऱ्हाइकाला आपल्या चेहऱ्यावर फ्रेम लावून बघता आली पाहिजे, फोनमध्येच. दुसऱ्यांच्या साइटवर आहे म्हणे. एवढंच एक कर, मग पैशाचं बघू.’’

ते एवढंच एक म्हणजे तीन महिन्यांचं काम होतं.

‘‘बंदच करते त्यांची साइट!’’ ठिणगी ओरडली. ‘‘सगळे पासवर्ड माझ्याकडे आहेत. बसू दे बोंबलत!’’

‘‘आणि उद्या ज्यांनी डोळे तपासायची वेळ घेतलीय, ते?’’ मावशी म्हणाली. ‘‘त्यांच्याशी भांडण आहे का तुझं?’’

‘‘मग हे घे.’’ ठिणगीने विमा कंपनीचं पत्र टेबलावर टाकलं. नोकरीचं. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचा होता. ‘‘जाते मी तिथे. दहा ते सहा दुसऱ्यांचे तक्ते भरते. हा धंदा माझ्याच्याने होत नाही.’’

मावशीला राग आला, तो चष्मेवाल्यांचा नव्हे, हिचाच. ‘‘भीड ही भिकेची बहीण, हे तुला किती वेळा सांगायचं? माझ्यावर ओरडतेस ते त्यांच्यावर ओरड!’’

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेल्या. दांडी तर लावायलाच हवी होती. चष्मेवाल्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली, बारीक स्क्रू बसवला आणि चष्मा कापडाने पुसला.

‘‘ही नाकावरची गादी पण पिवळी पडलीय, भाऊजी. बदलून द्या,’’ मावशी म्हणाली.

‘‘देतो की. तिचे वेगळे पडतील हं, वहिनी.’’ आणि त्यांनी सहज मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या चौकटीत दरांचा फलक होता. फ्रेम वेगळी, काच वेगळी, काचेवरचा लेप वेगळा. स्क्रू वेगळा. नाकाची गादी वेगळी.

ठिणगीने तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

‘‘गादीचे वेगळे?’’ तिचा आवाज इतका चढला, की आरशासमोरच्या बाईने डोळ्यांवरची फ्रेम काढली. ‘‘मित्राच्या बायकोकडून हरभऱ्याएवढ्या गादीचे वेगळे घेता, काका? आणि माझी चार पानं फुकट? दोनशे चाळीस फोटो फुकट? माझी पाठ, माझे डोळे, त्यांचा दर कुठल्या भिंतीवर आहे?’’

चष्मेवाले लाल झाले. ‘‘आवाज खाली. दुकान आहे हे.’’

‘‘माझंही दुकानच आहे ते! टेबलावर असलं म्हणून काय झालं?’’

‘‘अगं, मग बोलायचंस ना!’’ आता तेही तापले. ‘‘नऊ महिने ‘हो काका, हो काका’ करतेस. एका पानाला तास लागतो की महिना, मला काय स्वप्न पडतं? माझ्याकडे फलक आहे. तुझा दाखव!’’

ठिणगीला सगळ्यात जास्त राग याचाच आला, कारण ते खरं होतं.

‘‘हे बरोबर बोललात, भाऊजी,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण तिने विचारलं नाही म्हणून तुम्ही घेत राहिलात, ते चूकच.’’

ठिणगीने काउंटरवरचं नंबर लिहायचं पॅड ओढलं. पेन इतकं दाबून चालवलं, की खालच्या तीन कागदांवर उमटलं. जे ठरलं होतं, ते पूर्ण झालं. ठरल्याशिवाय जादा केलं ते, आणि त्याचे दिवस. चेहऱ्यावर फ्रेम लावायचं काम, त्याचे दिवस आणि दर.

चष्मेवाल्यांनी कागद लांब धरून वाचला. ‘‘बाप रे! फ्रेम लावायला इतके?’’

‘‘इतकेच. नको तर नको. साइट चालू राहील, पासवर्ड आज तुमच्या ताब्यात देते. फक्त यापुढचं ‘एवढंच एक’ लिहून पाठवायचं. मी दर कळवीन, तुम्ही हो म्हटलंत तर करीन.’’

‘‘मित्राच्या घरची माणसं अशी हिशेबी निघाली!’’

‘‘मित्राच्या घरची म्हणूनच नऊ महिने गप्प बसली,’’ मावशी म्हणाली.

त्यांनी फ्रेमच्या कामावर काट मारली. उरलेली अर्धी रक्कम कपाटातून काढून काउंटरवर जवळजवळ फेकली. जादा कामाचं ‘बघतो’ म्हणाले. ‘‘बघतो नाही, काका. तारीख,’’ ठिणगी म्हणाली. त्यांनी दात-ओठ खात महिनाअखेरची तारीख घातली आणि सही केली. गादी बदलून झाल्यावर मावशीने दुरुस्तीचे पैसे मोजून दिले, त्यांनी घेतले. चहा कुणी विचारला नाही.

वाटेत ठिणगी म्हणाली, ‘‘गेलं हे गिऱ्हाईक.’’

‘‘जाऊ दे. विमा कंपनीचं काय?’’

‘‘नाही कळवते.’’ चार पावलांनी ती पुन्हा भडकली, ‘‘स्क्रूचे पण घेतले का गं त्यांनी?’’

‘‘घेतले. फलकावर होते ना!’’

घरी आल्यावर ती टेबलाशी बसली आणि आधी विमा कंपनीला नकार लिहिला. मग एका कोऱ्या पानावर स्वतःचे दर मांडायला घेतले. पहिल्या ओळीत आकडा लिहिला, खोडला आणि वाढवून लिहिला.

मावशीने दुरुस्त चष्मा लावून वही उघडली. मंगळवार, ११ मार्च. नळवाला साडेपाचला आला. वायसर बदललं. मोरीतली, गळक्या नळाखालची बादली उचलून ठेवली.