तांबड्या रंगामागचे कान

आत्याआजीला घरात सगळे ट्रंककॉल म्हणतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिचा जन्म गेला, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही ती परगावी फोन लावल्यासारखी ओरडून बोलते. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर "लाइन बिझी होती" म्हणून मोकळी होते. वैताग हा तिचा स्थायीभाव. दूध उतू गेलं तर ती गॅसला जाब विचारते.

अशा बाईला संग्रहालयात न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिचा थोरला भाऊ युद्धात नौदलाचं विमान चालवायचा. जहाजावरून उडाला, तो परत उतरलाच नाही. घरातले त्याचे सगळे फोटो पुढे आगीत गेले. स्टुडिओत काढलेला एक तेवढा संग्रहालयाकडे होता आणि आता तो प्रदर्शनात लावणार होते. त्याआधी घरच्यांनी येऊन बघून जावं, असा निरोप होता.

संग्रहालयाच्या अभिलेखागाराच्या दारातच तिची पर्स, छत्री आणि पेन काढून घेतलं. "माझे दात राहू देताय ना?" तिनं विचारलं. आतली खोली थंडगार आणि बिनखिडक्यांची. तिथले साहेब पांढरे हातमोजे घालून आले, म्हणून तिनं लगेच त्यांचं नाव हातमोजे ठेवलं, तेही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी जावळ काढायला घ्यावं इतक्या हलक्या हातानं खोक्यातला पातळ कागद उलगडला.

पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर गणवेशातला देखणा तरुण. मी तर बघतच राहिले. आत्याआजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा कोण?"

"आजी, तुमचे बंधू."

"माझ्या भावाला कान होते."

साहेब गोंधळले. तिनं पुराव्यादाखल माझे केस मागे सारले आणि माझा कान धरून त्यांना दाखवला. आमच्या घराण्याचे कान म्हणजे कपाचे कान. फोटोतल्या माणसाचे मात्र डोक्याला इस्त्री करून चिकटवल्यासारखे. मी म्हटलं, आत्याआजी, सोड, दुखतंय. ती म्हणाली, त्यालाही दुखायचं, पण कान होते.

मग उलगडा तिनंच केला. फोटो मुलीकडच्यांना पाठवायचा होता. फोटोग्राफर बिचारा म्हणत होता की वैमानिकाची कातडी टोपी घाला, कान आपोआप झाकले जातील. भावाला मिरवायची होती ती नौदलाची पांढरी टोपी. शेवटी आईनं फोटोग्राफरला बाजूला घेऊन सांगितलं, कान जरा आत घ्या.

"आणि त्या शहाण्यानं घेतले. ब्लाउज आत घेतात तसे."

हातमोजे आता उत्साहात आले. फोटोची मूळ काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्हही त्यांच्याकडे होती. ती आणून त्यांनी दाखवलं की काचेच्या मागच्या बाजूनं डोक्याभोवती तांबडा रंग फासला आहे. रंगातून उजेड जात नाही, म्हणून तेवढा भाग कागदावर पांढरा उमटतो. कानांच्या कडा त्या रंगाखाली गेल्या होत्या.

"मग पुसा की."

"पुसता येणार नाही, आजी. तो रंगही आता मूळ वस्तूचाच भाग आहे."

"आणि कान कुणाचा भाग होते?"

त्यांनी समिती, अर्ज, मंजुरी असं बरंच सांगितलं. मी मध्ये पडून म्हटलं, कानांचं काय एवढं, चेहरा तर त्याचाच आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची मागे ओढली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी लोकलकॉलवर बोलली.

"आग लागेपर्यंत घरी हाच फोटो होता गं भिंतीवर. इतकी वर्षं बघून बघून मला आता हाच आठवतो. तो आठवत नाही. डोळे मिटले की हा गुळगुळीत माणूस येतो."

हातमोज्यांनी टेबलावरचा दिवा आडवा केला आणि काच पुढच्या बाजूनं तिरकी धरली. रंग मागे होता, पुढच्या थरातलं चित्र शाबूत होतं. काच इकडे तिकडे कलवता कलवता टोपीखालून दोन्ही बाजूंना कान बाहेर आले. चांगले ऐसपैस.

"हलवू नका," आत्याआजी म्हणाली.

बराच वेळ ती काचेवर वाकून राहिली. साहेबांचे हात भरून आले असावेत, कारण त्यांनी हळूच सुचवलं की आजी, ठेवूया का आता.

"थांबा. येतोय का ते बघते." तिनं डोळे घट्ट मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मग डोळे उघडून ती त्यांच्यावरच वैतागली.

"उजवा आला. डावा अजून येत नाहीये. नीट धरा."