भागादादाचा जळलेला राब

भागादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या घरी, गच्चीवर वाळवण राखत बसलो होतो. फोन त्याच्या मुलाचा, किसनचा होता. सकाळी न्याहारी केली, पडवीत टेकले आणि गेले, असं त्याने सांगितलं. नव्वदीच्या घरातला माणूस कुणाला त्रास न देता गेला. अशा मरणाला लोक चांगलं म्हणतात, मीही तसंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र वाळवणावर कावळे उतरले तरी मी जागचा उठलो नाही. त्याच्या देखत, चारचौघांत एक गोष्ट कबूल करायची पन्नास वर्षं राहून गेली होती...

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या साली मी वनखात्यात गार्ड म्हणून लागलो. नेमणूक राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याकडच्या डोंगरात. भिंगारला, लष्कराच्या छावणीच्या बाजारात वाढलेला मी. आगीशी माझी ओळख स्टोव्हपुरती. वणव्याच्या दिवसांत डोंगर राखायला खातं गावातलीच माणसं रोजावर घेई, त्यांना अंगारी म्हणत. भागादादा त्यांचा म्होरक्या. बुटका, काटक आणि माझी फिरकी घ्यायला सदा तयार. माझे नवे बूट पाहून, यांना आगीआधी डोंगरच खाईल, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. खरंही तेच झालं. निरगुडीचा ओला डहाळा घेऊन आग कशी झोडपायची, धूर कुठल्या अंगाला वळला की पाय काढायचा, हे सगळं मी त्याच्या मागे अनवाणी फिरून शिकलो. निदान शिकलो, असं मला वाटत होतं.

त्या साली आमच्या डोंगरातलं गवत कापून गंज्या रचल्या होत्या. पूर्वेकडच्या तालुक्यांत जनावरं दावणीला मरायला टेकली होती, त्यांच्यासाठी ते गवत ट्रकने जायचं होतं. वणवा गंज्यांपर्यंत पोचू नये म्हणून मधला गवताचा पट्टा आपणच आधी जाळून मोकळा करायचा, त्याला जाळरेषा म्हणतात. ते काम माझ्याकडून लांबलं. शिमगा उलटून गेला आणि साहेब दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार असा निरोप आला. भागादादा म्हणाला, उद्या पहाटे दवात जाळू, आता दुपारचा वारा फिरतो. पण नवा गार्ड आणि खिशात जाळरेषेचा लेखी हुकूम... मी काडी ओढलीच.

वारा फिरला. पट्टा सोडून आग थेट उताराला लागली आणि गंज्यांच्या रोखाने निघाली. आम्ही सहाजण डहाळे घेऊन तुटून पडलो, पण गुडघाभर वाळलेल्या गवतापुढे आमचं काय चालणार? गंज्यांच्या अलीकडे भागादादाचं भाताच्या रोपांचा वाफा होता. जमीन भाजायला त्यावर महिनाभर खपून त्याने फांद्या, पालापाचोळा, शेण रचलं होतं. हाच राब, वैशाखात तो पेटवायचा आणि पावसाळ्यात त्या राखेत भात पेरायचं. भागादादा धावत खाली गेला आणि त्याने आपलाच राब पेटवला. राबाबरोबर भोवतीचं गवतही जळालं. वरची आग खाली पोचली तेव्हा तिला खायला काही उरलं नव्हतं. गंज्या वाचल्या. मी एका दगडावर बसून लहान मुलासारखा रडलो.

साहेब आले, त्यांनी जळालेला राब पाहिला आणि आग इथूनच डोंगराला लागली, असं ठरवून टाकलं. त्यांनी भागादादाला विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "व्हय सायेब, माझाच राब." त्याला त्या मोसमापुरतं कामावरून काढलं. माझी नोकरी शाबूत राहिली. संध्याकाळी मी त्याच्याशी भांडायलाच गेलो, साहेबांना खरं सांगतो म्हणालो. तो शांतपणे तंबाखू मळत होता.

"आता कुटं तुमी अर्धं शिकलाय. तुमी गेलात तर खातं नवा कोरा गार्ड धाडील, त्याला परत पयल्यापासून कोन शिकवनार? गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. भित्रा होतो म्हणून राहिलो, हे आता लिहायला हरकत नाही. राब पुन्हा रचता यावा म्हणून रजेच्या दिवशी जंगलातल्या फांद्या तोडून त्याच्या वाफ्यावर नेऊन टाकत असे; नियमाने मीच मला पकडायला हवं होतं. त्या राखेत त्याचं भात मात्र नेहमीसारखं तरारलं. पुढच्या साली मी साहेबांच्या मागे लागून त्याला परत आणलं. डोंगराजवळ राब जाळायला खात्याची बंदी होती, तिच्या धाकाने लोक भरदुपारी चोरून राब पेटवत आणि पळून जात. भागादादाने तोड काढली. ज्याचा राब त्याने आदल्या दिवशी सांगायचं, पहाटे पेटवायचा, आणि घरटी एकाने ओला डहाळा घेऊन उभं राहायचं. मी राब जाळणाऱ्यांवरच्या खटल्यांचे कागद पेटीत टाकले आणि डहाळा घेऊन उभा राहिलो. वणवे निम्म्यावर आले. गावात आजही असंच चालतं, आणि त्या उजाड उताराला आता ऐन-हिरड्याच्या झाडांची सावली आहे. तरी चेष्टेत का होईना, लोक त्याला 'डोंगरजाळ्या' म्हणत राहिले. तो हसायचा. किसनला शाळेत कुणी तसं म्हटलं की त्याची मारामारी व्हायची...

दहाव्याला गेलो. सगळं गाव पडवीत जमलं होतं. उभा राहिलो आणि सांगून टाकलं, तो डोंगर मी जाळला होता. किसन एवढंच म्हणाला, "लई उशीर केलात, काका." ते खरंच होतं. मग ठकूवहिनी, भागादादाची बायको, दाराआडून बोलल्या.

"मला ठाऊक हुतं, भावजी. घरची चूल पेटवायची तरी ह्ये आदी दारात जाऊन वारा बघायचे."

वहिनींनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून काडेपेटी घेऊन उठली, दारापर्यंत आली, झाडांचे शेंडे कुठल्या अंगाला हलतात ते तिने क्षणभर पाहिलं आणि मग चुलीकडे गेली.