चांगुणाबाईचे फडे आणि कोंडलेला मारुती

चांगुणाबाई शिंदीच्या पानांचे फडे बांधते. सोनपेठच्या अलीकडच्या तिच्या गावात दिवाळीला तिचा फडा घरात आल्याशिवाय लक्ष्मीपूजन होत नाही. फड्यालाच लक्ष्मी मानायचं, हळदकुंकू वाहायचं, अशी रीत. मारुतीचा गाभाराही तिच्याच फड्यानं झाडतात. ती स्वतः मात्र मातंगाची, म्हणून तिनं पायरीखाली थांबायचं. फडा लक्ष्मी, आणि बांधणारीचा विटाळ! असला न्याय करायला वेगळंच डोकं लागतं, आणि ते आपल्याकडे गावोगाव मुबलक पिकतं.

यंदा तिच्या सुनेला, सुकेशनीला, मुलगा झाला. सव्वा महिन्याचं लेकरू मारुतीपुढं घालायचं, हीही रीतच. चांगुणाबाईनं आपली सगळी लेकरं पायरीवर घातली होती. नातवाला घेऊन मात्र ती थेट दाराकडं निघाली. देवळाचे कारभारी किशनराव सरपंच आडवे आले.

"चांगुणे, पायरीवर ठेव. देव तिथूनबी बघतो."

"मंग तुमचा नातू कामून आत नेला व्हता, सरपंच?"

उत्तर म्हणून किशनरावांनी देवळाला कुलूप ठोकलं. तान्ह्या लेकराच्या धाकानं बलभीम कोंडला! लंका जाळणारा देव, पण गावच्या राजकारणात त्याला कोण विचारतो?

चांगुणाबाई ओरडली नाही, भांडली नाही. बाळाला मांडीवर घेऊन पायरीशी बसली. रोज सकाळी येऊन बसू लागली. दिवाळी तोंडावर आली, तशा बाया फडे मागायला तिथंच येऊ लागल्या.

"देते की माय. पर देवळात बसून बांधीन, तिथूनच घिऊन जा."

किशनरावांनी हुशारी केली. बाजारातून प्लास्टिकचे झाडू आणले. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी एक उचलून उलटापालटा केला.

"ह्याला कुंकू लावू? लक्ष्मी हाय का बादलीची बहीण?"

"लय बोलू नको. गाव काय म्हनंल?"

"गाव फडा मागायलंय. किल्ली द्या."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मनकर्णाबाईंनी स्वतः कुलूप काढलं. मागं निम्म्या गावच्या बाया. चांगुणाबाई मात्र जागची उठेना.

"चल की आता," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"चोरून न्हाई जायचं, वैनी. ज्यांनी अडवलं, त्यांनी ‘या’ म्हनावं."

सगळ्या बायांनी किशनरावांकडं तोंडं वळवली. ते खाकरले. देवळापुढच्या लिंबाच्या शेंड्याकडं बघितलं. तिथं मदतीला कुणी नव्हतं.

"ये," ते पुटपुटले.

"कोनाला म्हनलाव?"

"या, चांगुणाबाई."

तेव्हा ती उठली. उंबरा ओलांडून आत गेली आणि नातवाला मारुतीपुढं ठेवलं. गार फरशी लागताच त्यानं असा टाहो फोडला की पुजारी वैतागला. "गप करा त्याला!"

"रडू द्या महाराज," चांगुणाबाई म्हणाली. "आमच्यातलं कुनी आत येऊन रडायची ही पहिलीच बारी हाय."