वाचक कमी करण्याचं बटण

माझी लेक शीला रडली नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. तिचे बाबा या जानेवारीत गेले. तेव्हा ती रडली नाही, तेराव्याला नाही, आणि आता मे संपत आला तरी नाही. मीही फारशी रडलेली नाही. पण मी सकाळी उठते, दूध तापवते, दोन कप काढते आणि एक परत ठेवते. म्हणजे माझ्यात काहीतरी हलतं तरी. तिचं मला कळतच नाही.

माणसं कुठे अडतात ते तिला लहानपणापासून दिसायचं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, आमची जुनी तीन जिन्यांची इमारत आहे. खाली रहिवाशांच्या नावांचा फळा. नवा माणूस फळा वाचायचा, 'राणे' सापडायचं, आणि मग तो भलत्याच जिन्याने वर जायचा. शीला तिसरीत असताना तिने खडूने प्रत्येक नावापुढे लिहून टाकलं, कुठला जिना, कितवा मजला, दाराचा रंग कोणता. सेक्रेटरी ओरडायला आले तर म्हणाली, "काका, नाव वाचून माणूस घरी पोचतो का?" तिचे बाबा तिला रागवायला म्हणून बाहेर आले होते, ते हसत आत गेले.

बी.एस्सी. झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ठाण्यात महिपतरावांकडे लागली. महिपतरावांचं एक वाचक मंडळ होतं. त्याच्या मासिकाचा अंक पूर्वी पोस्टाने सभासदांना जायचा. सभासदांची मुलं आखातात आणि अमेरिकेत गेली तशी त्यांना धाडलेली पाकिटं वाटेत हरवायला लागली, म्हणून त्यांनी अंक वेबसाइटवर टाकला. फक्त सभासदांसाठी. पण पान उघडलं की मराठीऐवजी चौकोन आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं दिसायची. आधी मराठी अक्षरांचा फॉन्ट उतरवून घ्या, मग कॉम्प्युटर बंद करून चालू करा, मग नाव आणि परवलीचा शब्द. निम्मे लोक तिथेच कंटाळायचे. हे सगळं सोपं करायचं, हे शीलाचं काम.

एका रविवारी तिने मला आणि शेजारच्या विमलाबाईंना आमच्या घरच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुम्हाला अंक वाचायचाय असं समजा आणि वाचा."

पानावर दोन बटणं होती, 'सभासद' आणि 'पाहुणे'. विमलाबाईंनी सरळ 'पाहुणे' दाबलं.

"काकू, तुम्ही सभासद आहात ना?"

"आहोत की. पण दुसऱ्याच्या घरी बसून मी मालकीण कशी होऊ?"

पाहुण्यांना नुसतं मुखपृष्ठ दिसायचं. विमलाबाईंनी ते पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि उठायला लागल्या. शीलाने त्यांना परत बसवलं, 'सभासद' दाबायला लावलं. आता नाव विचारलं. सभासदत्व त्यांच्या यजमानांच्या नावावर. विमलाबाईंनी हात मांडीवर ठेवला.

"टाइप करा ना काकू."

"तू टाक."

"मी नाही टाकणार. तुम्हाला जमतं का तेच बघायचंय मला."

"अगं, चाळीस वर्षं संसार केला, एकदा तोंडातून काढलं नाही. आता यंत्रात घालू?"

"बोलायचं नाहीये हो, नुसतं लिहायचंय!"

"लिहिणं म्हणजे मुक्याने बोलणंच ते."

शीला इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. तिचे बाबा आतून म्हणाले, "विमलावहिनी, मी टाकू का त्यांचं नाव? मला काही अडचण नाही."

त्यातूनच तिला सुचलं. आपल्याकडे सभासद एक असतो आणि वाचतं सगळं घर. तिने घराला एक नंबर दिला. नंबर घातला की घरातल्या माणसांची नावं समोर येतात, आपण आपल्या नावावर बोट ठेवल्यासारखं दाबायचं. प्रत्येकाची अक्षरं त्याला हवी तेवढी मोठी, आणि कुठवर वाचलं त्याची खूण प्रत्येकाची वेगळी. महिपतराव म्हणाले, "एका सभासदत्वावर चार जण फुकट वाचणार?" शीला म्हणाली, "अंक घरी यायचा तेव्हा काय एकटेच वाचत होते?" त्यावर त्यांनी 'कर' म्हटलं. 'पाहुणे' बटणाचं तिने 'नुसतं बघायचंय' केलं.

आमच्या घराच्या नंबरावर तीन नावं होती. बाबा, आई, शीला. काहीही नवं केलं की ती आधी ते आमच्या घरावर चालवून बघायची. बाबांचा मोतीबिंदू पिकलेला, त्यांची अक्षरं सगळ्यात मोठी. एका पानावर जेमतेम दोन ओळी मावायच्या. संध्याकाळी फोनच्या तारेवरून नेट लावून बसायचे आणि तेवढा वेळ फोन अडकून पडायचा. माझी बहीण मग तक्रार करायची, "तुमच्याकडे कुणी फोन बाजूला काढून ठेवतं का गं?"

जानेवारीत ते बसल्या जागी गेले. शीला पाचव्या दिवशी कामावर गेली. मला वाटलं, बरंच आहे.

मार्चमध्ये कुवेतहून एका वाचकाने मंडळाला लिहिलं. त्यांची आई गेली होती. रोज अंक उघडला की तिचं नाव आधी समोर येतं, ते काढायची काही सोय आहे का? सोय नव्हती. शीलाने ती केली. त्या रात्री जेवताना मला म्हणाली, "नवीन बटण चालतंय. 'वाचक कमी करा' असं लिहिलंय. 'काढून टाका' कठोर वाटत होतं."

"कशावर चालवून पाहिलंस?"

"आपल्या घरावर. नेहमीसारखं."

"म्हणजे कोणाचं..."

"बाबांचं. आई, भेंडी वाढ थोडी."

मी वाढली. ती जेवली, ताट घासून ठेवलं, उद्याचे कपडे काढले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर काहीच नव्हतं. राग नव्हता, की काही लपवल्याची खूणही नव्हती. मलाही त्या वेळी काही झालं नाही. नुसतं कानात काहीतरी भरल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये ती घोडबंदर रोडला ऑफिसातल्या एका मुलीबरोबर खोली घेऊन राहायला गेली. जायच्या यायच्या वेळेचं कारण दिलं. मी दर रात्री तिच्या घरमालकिणीकडे फोन करते.

"जेवलीस?"

"हं."

"रविवारी येतेस?"

"बघते."

चार रविवार झाले. मी डबा भरून तिच्या ऑफिसात गेले असते, पण समोर उभी राहून तिने 'हं' म्हटलं तर मी पुढे काय करणार होते?

आज दुपारी विमलाबाई आल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं अचानक बारीक झाली होती, म्हणून त्यांनी मंडळाच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला होता. वाचकांचे फोन शीला घेते, हे मला माहीत नव्हतं.

"काय गोड बोलते गं तुझी पोर! सगळं नीट होईपर्यंत थांबली. मी दोनदा चुकले, तर म्हणते, काकू, चूक तुमची नाही, आमच्या पानाची आहे."

"माझ्याशी तर दोन शब्द बोलत नाही."

"तू जेवणाचंच विचारत असशील. जेवली का, जेवली का. मला विचारलंस तर मीसुद्धा नुसतं 'हं' म्हणेन." मग त्या दारात थांबल्या. "शेवटी मला विचारत होती, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. तर म्हणाली, काकू, खरं सांगा."

मी विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"सांगितलं की संध्याकाळी दिवा लावायचा विसरते आणि अंधारात बसून राहते."

विमलाबाई गेल्या. म्हणजे तिला कळत होतं. माझी काळजी तिलाही आहे, पण ती मला विचारायला घाबरते. मी तिला घाबरते तशीच.

त्या नंबराचा कागद विमलाबाईंकडून मागून घेतला आहे. ऑफिस दहाला उघडतं. घरमालकिणीकडे आता फोन करायचा नाही. उद्या सकाळी त्या मदतीच्या नंबरावर करायचा. ती उचलून 'नमस्कार, वाचक मंडळ' म्हणेल. जेवणाचं विचारायचं नाही. सांगायचं, शीला, मी आई बोलतेय. मी बरी नाही. आणि मग ती काय म्हणते ते ऐकत फोन धरून राहायचं.