आईला लावलेली कोरफड

पाणी घालावं लागतं अशा झाडावर आमच्या आत्याचा विश्वास नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्यात जे आपलं आपण जगतं तेच माणसाला जगवतं, असं तिचं म्हणणं. लवकर विधवा होऊन ती आमच्याकडे राहायला आली होती, पण तोरा सगळा सिव्हिल सर्जनचा. रुळांकडच्या पडीक जागेतून ती रुईची पानं तोडून आणायची आणि तेल लावून, तव्यावर शेकून बाबांच्या गुडघ्यांना बांधायची. बाबा विणकर. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचे गुडघे संध्याकाळी दुखणारच. दाताला बाभळीच्या सालीच्या गुळण्या. खोकल्याला निवडुंगाची लाल बोंडं, निखाऱ्यावर काटे जाळून पिळलेली. आणि भाजलं, सोललं, पोट साफ नाही, कशालाही कोरफड. एक फुटक्या माठात होती आणि एक दारावर मुळासकट उलटी टांगलेली. ती टांगलेली कोरफड मातीवाचून वर्षभर हिरवी राहायची.

माझी आई बाबांसाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायची. सत्तर सालच्या आगेमागे तिला खोकला लागला. बोंडांचा रस झाला, अडुळसा झाला, दोन महिने गेले. शेवटी बाबांनी तिला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि क्षय निघाला. आठ दिवसांनी क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळणार होती, वर्षभर तरी भरती राहावं लागणार होतं, आणि बाळाला अंगावर पाजणं ताबडतोब बंद करायचं होतं.

बाळ म्हणजे माझा भाऊ, सव्वा वर्षाचा. मी अकरा वर्षांची. वाटीतलं दूध त्याच्या तोंडाला लावलं की तो वाटी उडवून द्यायचा. त्याला आई हवी असायची, बाकी सगळं जग त्याच्या लेखी फुकट होतं.

आत्याने कोरफडीचं पान कापून आईपुढे ठेवलं. "लावून घे. दोन दिवसांत सोडते पोरगं."

आईने ते पान हातात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मग मला म्हणाली, "तू लाव वं बाई. माह्या हातानं नाही होत."

भाजल्यावर लावताना करायचो तसंच मी केलं. पान उभं धरून पिवळा चीक गळू दिला, साल काढली, गर धुतला आणि आईला लावला. भावाने तोंड लावलं आणि खुशाल प्यायला. आईला हसू आलं. तिला किती बरं वाटलं होतं ते माझ्यासारख्या पोरीलाही दिसलं.

आत्या मात्र माझ्यावर खेकसली, "धुतली काहून? तो पिवळा चीकच तं पाहिजे! कडू त्याच्यातच राह्यते."

दुसऱ्या दिवशी मी चीक लावला. भावाने तोंड लावलं, तोंड वेडंवाकडं केलं, थुंकला. रडायच्या आधी त्याने मान वर करून आईकडे बघितलं. काहीतरी बिघडलंय आणि ती आत्ता ते नीट करील, अशा भरवशाने. मग त्याने पुन्हा तोंड लावलं.

आई भिंतीकडे बघत होती. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मी मात्र कामाला लागले होते. दर दोन तासांनी ताजं पान कापायचं, चीक लावायचा, सुकला की पुन्हा लावायचा. मला शाळेत कुणी हुशार म्हणत नसे, पण हे काम मला चांगलं जमत होतं आणि आत्या शेजारणींना तसं सांगत होती. मला अभिमान वाटत होता. हे लिहिताना आज लाज वाटते. चौथ्या दिवशी आईने पदर नुसता सावरला तरी भाऊ तोंड फिरवून माझ्याकडे हात करायला लागला.

"झालं वं तुह्यं काम," आई म्हणाली.

ती दवाखान्यात गेली तेव्हा तो माझ्या कडेवर झोपला होता.

लहान मुलांना वॉर्डात मनाई होती. रविवारी बाबा आत जायचे आणि मी बाहेर खिडकीखाली उभी राहायची. आई गज धरून दर वेळी एकच विचारायची, "इचारते का वं मले?"

"हो, रोज इचारते," मी सांगायची. तो विचारत नव्हता. वाटीने दूध प्यायचा, माझ्या कुशीत झोपायचा आणि मला "बाई, बाई" म्हणत घरभर फिरायचा. आत्याने त्या वर्षी खोकल्याचं औषध देणं कायमचं सोडलं. कुणी मागायला आलं तर सरळ डॉक्टरकडे हाकलायची.

दीड वर्षाने आई घरी आली, अंगाने भरलेली, बरी. उंबऱ्याशी खाली बसून तिने दोन्ही हात पुढे केले. भाऊ पळत आला तो माझ्याकडे, आणि माझ्या फ्रॉकमागे तोंड लपवून उभा राहिला. आईने हात तसेच धरले होते. बऱ्याच वेळाने ते खाली घेतले आणि हसत म्हणाली, "चांगलीच लावली वं तू कोरफड."

ती थट्टाच होती. पण मी मोरीत जाऊन साबणाने हात धूत राहिले.

पुढे तो तिला आई म्हणायला लागला, पायाही पडायचा. पण पडला, लागलं, निकाल लागला, नोकरी लागली, की पहिली हाक मला. आई ते ऐकून स्वयंपाकघरात निघून जायची. कधी कुरकुरली नाही. ती कुरकुरली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती दीड वर्षाची झाली आणि सासूबाई अंगावरचं दूध तोडा, तोडा म्हणून मागे लागल्या. मी माहेरी आले होते. आत्या तोवर गेली होती, तिचा फुटका माठ तेवढा तसाच होता. मी एक पान कापलं. सवयीने चीक राखूनच कापलं.

आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"पिऊ दे तिले," ती म्हणाली. "माह्यापाशी येळ नव्हता. तुह्यापाशी आहे."

मी त्या खेपेला ठरल्यापेक्षा महिनाभर जास्त राहिले. मुलगी प्यायला लागली की आई हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची आणि तिचं पिऊन होईपर्यंत बघत राहायची.