परवा म्हणजे कधी

बर्फातल्या त्या पोस्टवर मी रेडिओ ऑपरेटर होतो. हुद्दा लान्स नाईक, गाव हुलसूर. माझ्याच कंपनीतला नाईक बसवराज खजुरीचा. जेवताना आम्ही दोघं गावाकडचं बोलायचो आणि बाकीचे हसायचे. सेटवर मात्र मायबोली बंद. तिथे फक्त हिंदी, तीही मोजकी.

निरोप पोचवण्याचा मला भारी तोरा होता. कमी शब्द, स्पष्ट आवाज. नव्या जवानांना मीच शिकवायचो.

त्या दिवशी सकाळी सव्वासातला कंपनी कमांडरांचा फोन आला. चार जणांची पार्टी नाल्यापलीकडच्या पोस्टवर जायची होती.

"नाले का रास्ता कब चेक हुआ?"

"परसों, सर."

"ठीक है. पार्टी रवाना करो."

रस्ता तपासून बारा दिवस झाले होते. मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या घरात मागच्या महिन्यातला पाहुणाही परवाच येऊन गेलेला असतो. तेच घरातलं परवा मी हिंदी करून साहेबांना दिलं, आणि त्यांनी सरळ दोन दिवस धरले. लॉगबुक हाताशी होतं. मी ते उघडलं नाही. याचा मला आजही स्वतःचाच राग येतो.

साडेआठला पार्टी निघाली, पुढे बसवराज. नऊ चाळीसला सेटवर त्याचा आवाज आला.

"नाले पर हैं. बर्फ ताज़ी लगती है. रास्ता कब देखा था? ओव्हर."

"परसों. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो नियम मोडून बोलला.

"परसों म्हंजे कवा रे? साहेबांचं का आपलं? ओव्हर."

मी हात लांबवून लॉगबुक उघडलं.

"आपलं. बारा दिस झालेत. माघारी फीर, बसू. ओव्हर."

"व्हय. तिघं काठावरच हाईत. मीच तेवढा आत आलोय. फिरायलोय. ओव्हर."

त्यानंतर सेट गप्प झाला. मी दर मिनिटाला हाक देत राहिलो. साडेअकराला उतारावर माणसं दिसली. मी मोजली. पुन्हा मोजली. तीनच होती.

बसवराज तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला. चौकशीत मी माझा शब्द जसाच्या तसा सांगितला.

आता मी नौबादला राहतो. माजी सैनिक म्हणून शाळा बोलावतात. मी मुलांना सांगतो, तारीख सांगा, वेळ सांगा, आणि ऐकणाऱ्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका. मुलं टाळ्या वाजवतात. खजुरीला बसवराजच्या आईकडे मात्र दरवर्षी जायचो आणि न सांगताच परतायचो.

या वर्षी सांगितलं. ती तूर निवडत बसली होती. सेटपुढे बसलो होतो तेव्हाइतकीच भीती वाटत होती.

"मावशी, बसूला रस्ता मीच चुकीचा सांगितला."

तिचा हात थांबला.

"कवा?"

"सकाळी नऊ चाळीसला."

"अन् माघारी फीर मनून कुणी सांगितलं?"

"मीच. पण उशीर झालता."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग आणखी एक.

"कामून इतकी वर्षं मनात ठेवलास?"

"अकरा वर्षं झाली, मावशी."

"व्हय?" ती म्हणाली. "मला परवाच वाटायलंय."