बरणीवरचा दगड

भोकरहून फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. "आजी, आई गेली..." माझ्या पुतणीची, वंदीची मुलगी ऋतू बोलत होती. वंदी सत्तेचाळीसची, तिचं हार्ट बंद पडलं. आणि मी बहात्तरची म्हातारी विळी घेऊन ठणठणीत. यमाकडंसुद्धा हल्ली रांगेचा काही धरबंध राहिला नाही.

वंदी माझ्या धाकट्या दिराची लेक, निलंग्याजवळच्या खेड्यातली. भूकंप झाला त्या साली ती दहावीत होती. घराच्या भिंती फुटल्या, माणसं वाचली. सगळं गाव पत्र्याच्या शेडात जीव मुठीत धरून बसलेलं, आणि ही पोरगी तपासणीला आलेल्या लोकांच्या पुढं पुढं, कुठल्या विहिरीचं पाणी चढलं, कुठलीचं उतरलं ते दाखवत फिरायची. पुढं अकरावीला लातुरात माझ्याकडं आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे कमी, दगडच जास्त. "काकू, जमीन का हलली ते शिकायचंय मला." मी म्हटलं, "दगड शिकून काय दगडच खाणार हायस का?" आणि त्यातला सगळ्यात मोठा उचलून लोणच्याच्या बरणीवर, झाकण दाबायला ठेवला. लई मोठा विनोद केला, असं वाटलं होतं मला. दुसरीच्या पोरांना पाढे शिकवणारी बाई मी, पण ऐट अशी, की जिल्ह्यातली सगळी पोरं मलाच विचारून डॉक्टर होतात!

त्या वर्षांत लातूरच्या घराघरांत बारावी असायची. केबल काढायची, टीव्हीवर चादर घालायची, पाहुण्यांना दारातूनच सांगायचं, "यंदा आमच्याकडं बारावी हाय." सुतक सांगावं तसं. गावाकडची वाईट बातमी आली तरी परीक्षा होईस्तोवर पोरांपासून लपवून ठेवायची. याला आम्ही माया म्हणत होतो. मी तर गल्लीत सांगून मोकळी झाले होते, आमची वंदी डॉक्टर होणार. शेजारीण तिला गुडघेसुद्धा दाखवून गेली.

निकाल लागला. मेडिकलला मार्क पुरेनात. मी फर्मान काढलं, रिपीट कर. वंदी मुकाट क्लासला जाऊ लागली. पण मला न सांगता तिनं नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्रासाठी फॉर्म टाकला होता. ते मला कळलं कॉलेजचं कार्ड आलं तेव्हा. यादीत नाव आहे, आठ दिवसांत येऊन प्रवेश घ्यावा. ती क्लासला गेलेली. मी कार्ड दोनदा वाचलं, आणि फडताळात बरणीखालच्या पेपरखाली सारून दिलं. पोरीचं मन विचलित नको, असं मनाशी म्हटलं. खरं काय ते आता सांगते... गल्लीत माझं नाक कापलं गेलं असतं.

आठ दिवस ती दारातून यायची, पायातली चप्पल न काढताच विचारायची, "काकू, माझं काही आलंय का?"

"न्हाई गं. हात-पाय धू. चहा ठेवते."

चहात साखरसुद्धा जरा जास्त टाकायचे मी.

दिवाळीत फडताळाचे पेपर बदलताना बघितलं, तर कार्ड नव्हतं. रद्दीत गेलं असणार, असं मी मला पटवलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. पुढच्या सालीही मेडिकल हुकलं. वंदीनं डी.फार्म. केलं, लग्न होऊन भोकरला गेली, तिथं औषधाचं दुकान थाटलं. मी निर्लज्जासारखी सांगत फिरले, "शेवटी मेडिकलच काढलं की पोरीनं!"

दर उन्हाळ्यात ती यायची. आली की आधी बरणीवरचा दगड पदरानं पुसायची. एकदा म्हणाली, "काकू, आता देता का परत?" मी म्हटलं, "एवढं लोणचं संपू दे." तीस वर्षं माझं लोणचं काही संपलं नाही.

चौदावा झाल्यावर ऋतूनं दुकानातला खण उघडून दाखवला. गोळ्या द्यायची कागदी पाकिटं, गच्च भरलेली. प्रत्येकात दगडाचा एक तुकडा. सकाळ-दुपार-रात्र छापलेल्या रकान्यांत वंदीच्या अक्षरात गाव, कुणाची विहीर, किती हात खोल. शेजारच्या उमरी गावापर्यंतची गिऱ्हाइकं विहीर खणली की तिच्यासाठी तुकडा आणायची म्हणे. आणि पाकिटांच्या खाली ते कार्ड. त्यावर तेलाचा गोल डाग, बरोब्बर माझ्या बरणीच्या बुडाएवढा.

"आजी, हे काय हो? आई कधी बोलली न्हाई."

"न्हाई गं, मला काय..." एवढं तोंडातून निघालंच. सवय. मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. ऋतूनं खणातून एक रिकामं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं : आपली विहीर, चाळीस हात. सध्या काकूच्या बरणीवर.

घरी येऊन मी दगड उचलला. फुटलेली सपाट बाजू नीट बसते म्हणून तीच मी कायम खाली ठेवली होती. पहिल्यांदा उलटा करून बघितला. काळ्या दगडाच्या पोटात पांढरे खडे, साखरेसारखे लखलखत होते... यंदाची बरणी तशीच उघडी आहे. दगड टेबलावर आहे, शेजारी पाकीट. रोज एकदा घालून बघते. मावत नाही.